भुकेलं पाणी

३ नोव्हेंबर

प्रिय मुंगी,

तुला पत्र लिहायला एरवी कारण लागत नाही, पण आज आहे. कारण ठिपक्यांचं आहे.

तुझ्या दादाने एका रुग्णालयाच्या चादरी रंगवायचं काम घेतलंय. फिकट निळ्या चादरी. सोपं काम, घेऊन टाका, असं मीच म्हटलं होतं. आता निम्म्या चादरींवर गडद निळे ठिपके उठलेत, कोणी पेनातली शाई झटकावी तसे. आम्ही रंगाची पूड हौदात टाकतो, दांड्याने ढवळतो, वरून पाणी अगदी नितळ निळं दिसतं. कापड बुडवलं की तळाशी दबा धरून बसलेल्या गुठळ्या बरोबर कापडावर येऊन बसतात. मिठाचंही तेच. मिठाशिवाय रंग कापडात नीट शिरत नाही, हे तू या घरातच शिकलीस. पण मिठाचे खडे तळाशी तसेच पडून राहतात, आणि कापड जिथे त्यांना टेकतं तिथे रंग दाट धरतो.

दादा म्हणतो पूड वाईट, पूडवाला म्हणतो पाणी वाईट. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. तेव्हापासून तुझा दादा माझ्याशी फक्त मानेने बोलतोय.

तू म्हणे तिकडे दिवसभर पाण्यात मीठच विरघळवतेस. 'एवढी शिकली आणि शेवटी मीठ ढवळायला गेली,' असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. सांगतो मात्र छाती फुगवून, हे तुला म्हणून कळवते. तर बाई, तुझ्या शिक्षणाचा या घराला काही उपयोग होऊ दे. ठिपके कसे घालवायचे ते लिही. फोन नको. घरामागच्या कारखान्यातल्या आवाजात मला काही ऐकू येत नाही आणि मग मी नुसतं हो हो म्हणत बसते.

तुझी,
वहिनी


१४ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

दादाला सांग, पूडही बरी आहे आणि पाणीही बरं आहे. घाई वाईट आहे.

कुठलीही घट्ट वस्तू विरघळते ती फक्त अंगावरून, पाणी जिथे तिला शिवतं तिथूनच. गुठळी झाली की बाहेरचा थर ओला होऊन चिकट बसतो आणि आतली पूड कोरडीच राहते. म्हणून पूड थेट हौदात टाकू नकोस. आधी वाटीत थोड्या कोमट पाण्यात कालव, गुठळ्या मोड, मग हळूहळू पाणी वाढव. मीठ कुटून घे. एका खड्याचा भुगा केलास की तेवढ्याच मिठाचं कितीतरी जास्त अंग पाण्याला शिवायला मिळतं. पाणी गरम घे. गरम पाण्यात मीठ फार जास्त मावतं असं नाही, पण विरघळतं लवकर, कारण तिथे सगळेच कण अस्वस्थ असतात. रंग आधी घाल आणि मीठ मागून, कारण खाऱ्या पाण्यात रंग विरघळायला कुरकुर करतो.

आणि ढवळत राहा. का ते सांगते, कारण मला स्वतःला हे कळलं त्या दिवशी जेवण सुचलं नव्हतं. खड्याला लागून जे पाणी असतं ते बघता बघता मिठाने भरून जातं. भरलेल्या पाण्याला आणखी मीठ घेता येत नाही. ते खड्याभोवती पांघरुणासारखं बसून राहतं आणि खडा आत सुखरूप. तू दांडा फिरवतेस तेव्हा ते पांघरूण ओढून काढतेस आणि खड्यापुढे रिकामं पाणी आणून उभं करतेस. पुस्तकात भरलेल्या पाण्याला संपृक्त म्हणतात. आमच्याकडे सगळे भरलेलं पाणी आणि भुकेलं पाणी एवढंच म्हणतात.

आता मी इथे काय ढवळते तेही ऐक. आमच्या कारखान्याखाली फार खोल मिठाचा थर आहे, डोंगर आडवा निजवावा एवढा. तिथे कोणी उतरत नाही. वरून एक भोक पाडून पाणी सोडतात. पाणी मीठ खातं, भरतं, आणि दुसऱ्या नळीने वर येतं. जिथलं मीठ गेलं तिथे पोकळी उरते. ती मोजायचं काम माझं. तारेला बांधून एक यंत्र खाली सोडायचं. ते अंधारात आवाज करतं आणि भिंतींवरून परत येणारा आवाज ऐकतं, त्यावरून कागदावर चित्र उमटतं. काल पहिल्यांदा माझ्या हातून पूर्ण चित्र निघालं. वहिनी, त्या पोकळीत आपली शाळा मैदानासकट मावेल. तिथे आजवर कोणाचं पाऊल पडलं नाही, कोणी दिवा नेला नाही. पाण्याने नुसतं शिवून शिवून ती कोरली आहे. मी चित्र हातात घेऊन बसून राहिले. साहेबांनी विचारलं, काही चुकलं का? मी नाही म्हटलं, पण खुर्चीवरून उठवेना.

दादाला म्हणावं, मीठ ढवळणारी खुशाल आहे.

तुझी,
मुंगी


५ डिसेंबर

प्रिय मुंगी,

ठिपके गेले. रुग्णालयाचा माणूस चादरी उजेडात धरधरून बघत होता, त्याला एक सापडला नाही. तुझा दादा म्हणतो, पुडीचं नवीन पोतं चांगलं निघालं. म्हणू दे. पडलो तरी नाक वर, हा तुमच्या घराण्याचा गुण आहे.

पण तुझं पत्र वाचून मी एक वेडेपणा केला. काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि मिठाचा एक खडा चिमट्यात धरून नुसता पाण्यात टेकवला. मुंगी, त्या खड्यातून धागे निघाले. पाण्यासारखेच, पण पाण्यात वेगळे दिसणारे, हळूहळू खाली उतरणारे. भरलेलं पाणी जड होऊन खाली निघालं होतं, हो ना? मी जन्मभर रोज मीठ विरघळवतेय आणि एकदाही ते बघितलं नव्हतं. खडा संपेपर्यंत उभी होते. दूध उतू गेलं ते वेगळंच.

आता तुझ्या दादाची अक्कल ऐक. मीठ कुटून कुटून माझ्या हातांची सालं निघाली, तेव्हा तो म्हणाला, 'कुटायचं कशाला आणि गरम तरी कशाला करायचं? मागच्या अंगणात खारी विहीर आहे की.' चार माणसं लावून विहिरीवरची ती दगडी फरशी हलवली आणि मोटार बसवली. पाणी इतकं खारट की जिभेला लावलं तर डोळे मिटतात. आता मीठ आणायला नको, कुटायला नको. हौदाच्या तळाशी एक कण नाही, आणि रंग असा धरतो की बघत राहावं. तुझा दादा दिवसातून दहा वेळा विहिरीपाशी जाऊन येतो, सासुरवाडीला गेल्यासारखा. या खेपेला मीही त्याचं कौतुक केलं. तूही कर, म्हणजे घरात शांतता नांदेल.

तुझी,
वहिनी


२२ डिसेंबर

प्रिय वहिनी,

दादाचं कौतुक करते, अगदी मनापासून. विरघळलेलं मीठ आयतं दारात असताना आपण सगळे पोती उचलत बसलो. माझ्या डोक्यात हे आलं नसतं.

त्या फरशीवर आम्हाला आजोबा बसूसुद्धा द्यायचे नाहीत. पडाल म्हणायचे. आम्ही फरशीवर पाय आपटून बघायचो, आतून आवाज यायचा आणि पळत सुटायचो. तिचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

इथे नवीन पोकळीचं काम सुरू झालंय, मान वर करायला फुरसत नाही. म्हणून पत्र छोटं. रागावू नकोस.

तुझी,
मुंगी


११ मार्च

प्रिय मुंगी,

तुला फुरसत नाही म्हणून मीही गप्प बसले होते, पण आता पोट दुखायला लागलंय, तेव्हा लिहिते.

पहिली तक्रार पाण्याची. मी रोज सकाळी पहिल्या हौदात एक बटाटा सोडते. तरंगला की पाणी कामाचं. सुरुवातीला तो राजासारखा तरंगायचा. मग मानेपर्यंत बुडायला लागला आणि एक दिवस सरळ तळाला गेला. विहिरीचं पाणी फिकं पडत चाललं होतं. तुझ्या दादाने मग पाइप आणखी खाली सोडला. मुंगी, त्या विहिरीला तळच लागेना. दोन दुकानांतले पाइप संपले. पण खालचं पाणी पहिल्यासारखं खारट निघालं आणि बटाटा परत वर आला.

दुसरी तक्रार हौदांची. पाणी एका कडेला काठोकाठ आणि समोरच्या कडेला वीतभर खाली. दादा गवंड्याशी भांडून आला, की हौद वाकडे बांधलेस. गवंड्याने येऊन मापं घेतली आणि म्हणाला, 'हौद सरळ होते मालक, तुमची जमीन वाकडी झाली.' म्हणजे माझी म्हण खरी ठरली. मागचं दार लागत नाही, ते सुताराने दोनदा तासलं. शेजारचे घड्याळजी वेगळेच वैतागलेत. त्यांच्या भिंतीवरची लंबकाची घड्याळं आपोआप बंद पडतात. ती सरळ टांगली तरच चालतात म्हणे. आता भिंतच कलली तर घड्याळं काय करणार. जुनी घरं आहेत, कुरकुरायचीच.

तू कधी येतेस? आलीस की बटाटा दाखवते.

तुझी,
वहिनी


१५ मार्च

वहिनी,

मोटार बंद कर. पत्र खाली ठेव, बंद करून ये आणि मग पुढचं वाच.

मी फोन केला होता. दादाने उचलला. 'पोकळ्या मोजून मोजून तुला सगळ्यांच्या घराखाली पोकळीच दिसायला लागली,' असं म्हणाला आणि ठेवून दिला. म्हणून तुला लिहिते, आणि पत्र हातोहात पोचेल अशी सोय केली आहे.

साध्या खाऱ्या विहिरीत बटाटा तरंगत नाही. समुद्रातही तरंगत नाही. तो तरंगतो याचा अर्थ त्या विहिरीखाली मीठच मीठ आहे. मी आमच्या जुन्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, त्या भागात पूर्वी माणसं खाली उतरून मीठ खोदायची. छत अंगावर येऊ नये म्हणून मिठाचेच जाड खांब मध्ये मध्ये सोडायची. पुढे खाणीत पाणी शिरलं, ती बंद पडली आणि लोक विसरून गेले. आपली विहीर म्हणजे त्या खाणीत उतरायची वाट आहे. आजोबांना बहुतेक माहीत असावं.

आता मला जे कळल्यापासून अंगावर काटा आहे ते ऐक. खाणीत शिरलेलं पाणी भुकेलं होतं. त्याने खांबांचं थोडं मीठ खाल्लं, पोट भरलं आणि ते थांबलं. तेव्हापासून ते पाणी आणि ते खांब काळोखात एकमेकांना चिकटून उभे आहेत आणि पाणी एक कणही घेत नाही. आपलं घर, आपली गल्ली, घड्याळजींचं दुकान, सगळं त्या खांबांवर उभं आहे. आपण त्यांच्यावर जन्मलो, खेळलो, भांडलो.

तुम्ही भरलेलं पाणी उपसलंत. त्याच्या जागी जमिनीतून झिरपून भुकेलं पाणी आलं. ते हलकं असतं, म्हणून वर, छताला लागून तरंगतं आणि खांबांना मानेपाशी खातं. पाणी फिकं पडलं ते त्यामुळे. मग पाइप खाली सोडून तुम्ही आणखी भरलेलं पाणी काढलंत आणि आणखी भुकेलं आत बोलावलंत.

मी आधीच ओळखायला हवं होतं. मी पाय आपटल्याच्या आठवणी लिहीत बसले. यंत्र घेऊन निघते आहे. दादाला काही सांगू नकोस, मी आल्यावर त्याला दाखवेन.

मुंगी


२६ मार्च

प्रिय मुंगी,

तू भरलेल्या पाण्याच्या टँकरची खटपट करायला परत गेलीस आणि इथलं चित्रच पालटलं. फोनवर हे सांगता आलं नसतं, दादा सतत आसपास असतो.

तू विहिरीत यंत्र सोडलंस तेव्हा तो पाठमोरा उभा होता, आठवतं? मी त्याच्याकडेच बघत होते. कागदावर पहिला खांब उमटला तसा तो वळला. मग दुसरा, मग त्याच्या मागची रांग. खाली रुंद, वर माना बारीक, आणि सगळ्यात बारीक आपल्या कारखान्याखालचा. मला वाटलं आता हा वाद घालणार. तर तो तुला एवढंच विचारता झाला, 'हे कोणी सोडले?' तू म्हणालीस, खोदणाऱ्यांनी.

तू गेल्यावर त्याने स्वतः मोटार सोडवली आणि पाइप वर ओढून काढले. माणसांना हात लावू दिला नाही. मग चप्पल घालून गल्लीत निघाला. प्रत्येक दारात उभं राहून तो आधी सांगायचा की मोटार मी लावली, आणि मग खांबांचं सांगायचा. कोणी शिव्या दिल्या, कोणी हसलं. घड्याळजी मात्र आत गेले आणि एकेक घड्याळ भिंतीवरून उतरवायला लागले. ते बघून सगळी गल्ली हलली. नगरपालिकेने सगळ्यांना शाळेत जागा दिली आहे. आम्हीही तिथेच निजतो.

तू सांगितल्याप्रमाणे आता आम्ही पाण्याला मीठ भरवतोय. दादा म्हणाला, 'खांबाचं मीठ आधी विरघळतं की आपलं, एवढीच शर्यत आहे.' आणि शर्यत जिंकायची म्हटल्यावर आपल्या कारखान्याइतकी जागा कुठली? बाष्पकाचं, म्हणजे आपल्या बॉयलरचं, गरम पाणी हौदांत सोडतो. खडेमीठ कुटायला सगळी गल्ली बसते. ज्या शेजारणीने माझ्याशी कचऱ्यावरून अबोला धरला होता ती माझ्यासमोर बसून कुटते आणि कुटता कुटता कचऱ्याचाच विषय काढते. आता तर आम्ही हसतो. मी ढवळणाऱ्यांवर लक्ष ठेवते. बटाटा तरंगला की पुरे, असं नाही. तळाशी थोडं मीठ न विरघळता उरलंच पाहिजे, म्हणजे पाणी खरंच भरलं. मग वरचं नितळ पाणी निवू देतो आणि नळीने विहिरीत सोडतो.

मुंगी, एक विचित्र गोष्ट कबूल करते. मला भीती वाटते, पण त्यापेक्षा जास्त मान वाटतो. स्वयंपाकघरातल्या फरशीवर चालताना माझे पाय आपोआप हलके पडतात. खाली कोणीतरी किती काळ आपल्याला डोक्यावर घेऊन उभं आहे आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

तुझी,
वहिनी


३० मार्च

प्रिय दादा आणि वहिनी,

टँकर मिळाले. आमच्या कारखान्याचं भरलेलं पाणी घेऊन ते आठवड्याभरात निघतील, त्यांच्याबरोबर इथले दोन इंजिनिअरही येतील. तोवर तुम्ही जे करताय त्याला तोड नाही. मी साहेबांना सांगितलं, माझी वहिनी मिठाचं पाणी भरलं की नाही ते तळाकडे बघून ओळखते. ते म्हणाले, तिला इथे पाठव.

एक लक्षात ठेवा. वर हौदात हवं तेवढं ढवळा, खाली मात्र तरंगही उठता कामा नये. पाणी हललं की खांबाभोवतीचं पांघरूण निघेल आणि भुकेलं पाणी थेट अंगाला भिडेल. नळी विहिरीच्या कडेला लावून ठेवा, धार बारीक ठेवा. गरम पाणी मुळीच सोडू नका, पूर्ण निवू द्या. पोतं तर चुकूनही आत टाकू नका.

दादा, आता फक्त तुझ्यासाठी. कारखान्याखालच्या खांबाची मान फार बारीक झाली आहे. तो किती दिवस उभा राहील हे मला सांगता येत नाही, इथे कोणालाच सांगता येत नाही. बाकीचे खांब वाचवता येतील, कारण त्यांच्यात अजून अंग आहे. त्यांच्यासाठी पाणी भरत राहायला हवं, हे खरं. पण कारखान्यात उभं राहून नव्हे. हौद गल्लीच्या टोकाला हलव. थंड पाण्यात मीठ सावकाश विरघळेल, विरघळू दे. थोडा वेळ जास्त लागेल, लागू दे. तू आत जाऊ नकोस.

मुंगी


१२ एप्रिल

प्रिय मुंगी,

आधी सांगते, सगळे जिवंत आहेत.

तुझं पत्र आलं ते तुझ्या दादाने वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. मला म्हणाला, मुंगी खुशाल आहे, टँकर येताहेत. शेवटची ओळ मला आज कळली. गल्लीतल्या लोकांना त्याने दुसऱ्याच दिवशी कुटायला शाळेत बसवलं, माणसांना सुट्टी दिली, मला डबे करायच्या कामाला लावलं. मला वाटलं, दमलेत बिचारे म्हणून. तो एकटा आत राहून बाष्पक चालवत होता. गार पाण्याने शर्यत हरू, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं.

परवा दुपारी डबा घेऊन गेले. दारातूनच दिसलं, हौदातलं पाणी एका बाजूने सांडत होतं आणि सांडतच होतं. तुझा दादा नळी धरून उभा. मी हाक मारली. तो म्हणाला, 'एवढा हौद जाऊ दे, पुरता भरलेला आहे.' मी त्याच्याशी वाद घातला नाही. डबा खाली ठेवला, आत गेले, त्याच्या शेजारी उभी राहिले आणि म्हटलं, चला, दोघं मिळून संपवू. मग त्याने नळी तशीच टाकली, माझा दंड धरला आणि आम्ही बाहेर आलो. पळालो नाही. पळायचं सुचलंच नाही.

आम्ही गल्लीत पोचलो आणि मागे वळलो. आवाज होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही. कापड हौदात सोडल्यावर कसं आधी मधे खोलगट होतं आणि मग कडा आत ओढल्या जातात, तसं अंगण गेलं. हौद गेले, बाष्पक गेला, छप्पर थोडा वेळ हवेत असल्यासारखं दिसलं आणि तेही गेलं. खूप उशिराने खालून पाण्याचा एक मोठा हुंकार आला. मग धूळ. धूळ बसली तेव्हा खाली पाणी होतं, आणि आपल्या उरलेल्या रंगाच्या पोत्यांमुळे ते निळं होत चाललं होतं. रंगाच्या धारा सावकाश खाली उतरत होत्या. गल्लीतली सगळी माणसं शाळेतून धावत आली आणि काठापासून लांब उभी राहिली. कोणी रडलं नाही. देवळात उभं राहावं तसे सगळे उभे होते.

तुझा दादा हलला नाही. त्याला घरी न्यावं तर घरात जायची परवानगी नाही. घराची मागची भिंत फुटली आहे, पुढचं घर उभं आहे. गल्लीचं काय होईल ते तुझ्या माणसांनी मोजल्याशिवाय कळायचं नाही. काल टँकर आले. भरलेलं पाणी खड्ड्यात सोडताहेत, अगदी हळू, तू सांगितलंस तसं. दादा त्यांच्या नळ्या धरायला जातो. आज जेवताना त्याने खिशातून तुझं पत्र काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

तुझी,
वहिनी


२३ मे

मुंगी,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. वहिनी म्हणाली, हे तुम्हीच लिहा.

तुझे इंजिनिअर काल यंत्र घेऊन परत आले होते. मी दिवसभर त्यांच्याबरोबर होतो. तुझं मार्चमधलं, त्यांचं एप्रिलमधलं आणि कालचं, अशी तिन्ही चित्रं त्यांनी काचेवर एकावर एक ठेवून दाखवली. आपल्या कारखान्याखालचा खांब नाही. बाकीचे सगळे आहेत, आणि एप्रिलनंतर त्यांच्या माना केसभरही बारीक झालेल्या नाहीत. त्यांनी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा मीच मोजायला लावलं.

कारखाना गेला त्याचं दुःख आहे. नाही म्हणणार नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ज्यांनी ते खांब सोडले त्यांना ते खोदूनही नेता आले असते. मीठ होतं, हातात फावडी होती. त्यांनी ठेवले. आपण कोण येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांच्यावर उभा राहून चार महिने त्यांनाच पाण्यात कालवत होतो, आणि तरी ते आम्ही बाहेर पडेपर्यंत थांबले.

खड्ड्याला कुंपण घातलं आहे. पाणी भरलेलं राहतं की नाही ते बघायला नगरपालिका माणूस ठेवणार आहे. मी म्हटलं, मी बघतो. वहिनी म्हणते, तिच्याशिवाय मला कळायचं नाही. ते खरं आहे.

आज संध्याकाळी लोकांना घरी जायची परवानगी मिळाली. घड्याळजींनी पहिलं घड्याळ टांगलं. मग एकेक दिवा लागत गेला, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी रस्त्यात उभा राहून बघत होतो. पायाखाली ते खांब आणि त्यांच्याभोवती ते पाणी, भरल्या पोटी, अजिबात न हलता. मला चप्पल घालून उभं राहवेना, काढून हातात घेतली.

मागची भिंत गवंडी पुढच्या महिन्यात बांधून देईल. तुला सुट्टी कधी आहे ते कळव. केव्हाही ये. घर आहे.

दादा